नऊशे फायली ऐकणारे रऊफभाई

रऊफभाई माऊसला कधी हात लावत नसत. कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्यालाच खुर्चीवर बसवायचे, स्वतः शेजारच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, "काय दिसतंय ते वाच." मला वाटलं, माणूस भलताच आखडू दिसतोय. तिसऱ्या भेटीत त्यांनी चहाचा कप चाचपत उचलला, तेव्हा कळलं की त्यांना दिसतच नाही. माझी मलाच लाज वाटली.

शहागंजात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीत साखरेच्या आजारानं दृष्टी गेली. दुसरा एखादा खाटेला खिळला असता. यांनी पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळवलं आणि त्याच्या जोरावर कॉम्प्युटर शिकून लोकांचे दुरुस्तही करू लागले. तो आवाज इतका भरभर बोलायचा की मला नुसत्या लाह्या फुटल्यासारखं ऐकू यायचं. हे मान डोलवत सगळं समजून घ्यायचे. "माझ्यासारख्यांनीच बनवलंय हे," असं सांगताना त्यांची छाती फुगायची.

माझा कॉम्प्युटर सेकंडहँड, त्यात कुणीतरी चोरीची सॉफ्टवेअरं कोंबलेली. ते ऐकून त्यांनी कानाला हात लावला.

"चोरीचं कशाला वापरतो रे बाबा? हलालचं फुकट मिळतंय की. लोकांनी जीव लावून बनवलंय अन् वाटून टाकलंय."

मग पत्रं लिहायला, फोटो सुधारायला, आवाज रेकॉर्ड करायला असं एकेक त्यांनी सुचवलं, आणि ते बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घ्यायचं हेही बजावलं. गाण्यांसाठी म्हणाले, "शंकूवालं घे. नारंगी शंकू असतोय. डोळे होते तवा लोकांच्या कॉम्प्युटरवर पाह्यलाय मी." फी विचारली तर एकच उत्तर. आणखी दोघांच्या मशिनीत घालून दे आणि पुढच्या खेपेला त्यांची नावं सांग. मी बजाजनगरातल्या शेजाऱ्यांची नावं घेऊन जायचो. ते ती लक्षात ठेवायचे आणि महिन्यांनंतरही त्यांची खुशाली विचारायचे.

पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो मी. एका रविवारी चोरीचा सगळा माल साफ करायच्या नादात अख्खा डी ड्राइव्ह फॉरमॅट करून बसलो. त्यात आईचा आवाज होता. ती गावी, पिशोरला असायची. तिचा एकच फोन जुन्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड झाला होता आणि मोबाइल बिघडण्याआधी मी तो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी लगेच रऊफभाईंना फोन लावला.

फोनवर रऊफभाई शांत होते. आधी वायर काढ म्हणाले, काहीही नवीन घालू नको. पुसलेलं लगेच जात नाही, त्याच्या जागेवर दुसरं काही बसेपर्यंत ते तिथंच असतंय. मी स्कूटरवर कॉम्प्युटरचा डबा घालून शहागंज गाठलं. त्यांनी फायली परत काढणारं सॉफ्टवेअर लावून जे मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर घेतलं. आवाजाच्या नऊशेवर फायली निघाल्या, पण सगळ्यांची नावं पुसली गेलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "अम्मी तुला काय म्हणायची?"

माझ्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं माझं नाव दगडू ठेवलं. शाळेत दत्तात्रय झालो. पुढं दगडू म्हणणारी ती एकटीच उरली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. गेलो तेव्हा कानावर हेडफोन लावून ते ताठ बसले होते. गाणी, जाहिराती, मोबाइलच्या घंट्या, एकेक करून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घावली बघ," ते म्हणाले. "'दगडू' म्हणाली अन् मी थांबवलं. पुढचं ऐकलं नाय. तुझी अमानत हाय ती."

त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले आणि भिंत चाचपत बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं.

रऊफभाईंना जाऊन आता वर्ष होईल. आईचा आवाज मी तीन ठिकाणी जपून ठेवलाय. तो ऐकायला बसलो की आधी उठून दार ओढून घेतो, आणि दाराबाहेर ते उभे असल्यासारखं वाटतं. आत आई विचारत असते, "दगडू, जेवलास का रं?"