कडेची पिवळी रेघ

गल्लीत त्यांना सगळे ‘गोगलगायवाले काका’ म्हणत. आधी चेष्टेत, मग सवयीने, आणि हल्ली चक्क आदराने. कारणही तसंच होतं. एका गोगलगायीला काकांचं नाव मिळणार होतं, जगभरच्या पुस्तकांत ते छापून येणार होतं, आणि ही बातमी काकूंनी एका दुपारात गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवली होती. इस्त्रीवाल्याला तर दोनदा सांगितली.

आता गोगलगाय म्हटल्यावर कुंडीखालचं ते चिकट, मातकट प्रकरण डोळ्यांपुढे येत असेल, तर ते आधी विसरा. ही समुद्रातली. पाठीवर शंख नाही, लांबी बोटाएवढी, पण थाट विचारू नका! निळंभोर अंग, त्यावर काळे पट्टे, भोवती नारिंगी काठ आणि मागे पिसांसारखा नाजूक तुरा. फक्त हा सगळा थाट जीव आहे तोवरच. स्पिरिटच्या बाटलीत गेली की रंग उतरतो आणि उरतो एक पांढुरका गोळा. मग बसा ओळखत, ही कोण आणि ती कोण.

म्हणून तर काका लागत. किनाऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या समुद्री जीवांच्या केंद्रात ते एकटेच. मच्छीमार जाळ्यात आलेली गोगलगाय आणून देत. काका तिला पांढऱ्या बशीत समुद्राच्या पाण्यात सोडत, डावा डोळा मिटत, उजव्याला भिंग लावत आणि ती जिवंत असेतो तिचं चित्र रंगवत. मग बाटली आणि चित्र दोन्ही शहरातल्या संग्रहालयात तिथल्या तज्ज्ञ बाईंकडे रवाना. कोणती जात, हे बाई ठरवत. फोटोंवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “कॅमेरा थापा मारतो काका, तुमचा हात मारत नाही,” असं त्या म्हणत. एवढ्या एका वाक्यावर काकांनी आख्खी नोकरी आनंदात काढली होती.

मध्यंतरी काकांनी रंगवलेल्या दोन गोगलगायींच्या नारिंगी काठाबाहेर केसाएवढी पांढरी रेघ होती. एरवी सापडणाऱ्या जातीला तिथे फिकट पिवळी रेघ असते. बाकी सगळं सारखं. बाई हरखून गेल्या. ही जातच नवी आहे म्हणाल्या. अजून एक मिळू दे, छापायला देते, आणि नाव तुमचं ठेवते. काका फोनवर नुसते “बरं, बरं” करत राहिले. घरी जेवताना त्यांनी हे काकूंना सांगितलं.

आणि ती तिसरी त्या दिवशी सकाळी आली. काका हरखले. दुपारपर्यंत चित्र झालंसुद्धा. पांढरा रंग ते कधी वापरत नसत. पांढरं असेल तिथे कागद कोरा सोडायचा, ही त्यांची पद्धत. कडेची रेघ त्यांनी जीव मुठीत धरून कोरी सोडली.

तेवढ्यात डबा घेऊन काकू आल्या आणि बशीवर वाकल्या.

“हीच का हो आपली?”

“हीच.”

“अगं बाई, किती गोड! पण अहो, ही कडेची रेघ रंगवायची राहिली वाटतं.”

“राहिली नाही. ती पांढरी आहे. पांढरं कोरंच सोडतात.”

“पांढरी कुठली? पिवळी आहे की. लिंबाच्या सालीसारखी.”

“तुझं आपलं काहीतरीच! माझं आयुष्य गेलं यात.”

“बरं, राहिलं. जेवून घ्या.” काकूंनी डबा उघडला. पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या? “पिवळीच आहे पण.”

काकांच्या नाकावरचा राग तुम्ही पाहिला नाहीत. तरातरा उठून ते बशी दारातल्या उन्हात घेऊन आले. उजव्या डोळ्याला भिंग लावलं. पांढरी! बायकोला भिंग देणार, तोच काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी ते डाव्या डोळ्याला लावून पाहिलं. जन्मात कधी लावलं नव्हतं.

रेघ पिवळी होती.

पुन्हा उजवा. पांढरी. पुन्हा डावा. पिवळी. काकांनी भिंग खाली ठेवलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चढत होता, त्यातून फिकट पिवळं पांढरंच दिसत होतं, आणि तोच डोळा भिंगाला लावून ते नवी जात शोधून बसले होते.

काकूंच्याही ध्यानात आलं. आपण हे कशाला बोललो, असं होऊन गेलं त्यांना. “माझ्या बोलण्यावर काय जाता?” त्या घाईघाईने म्हणाल्या. “माझाच चष्मा जुना झालाय. पांढरीच असेल हो.”

खोटं बोलण्यात त्या फार कच्च्या. काकांना त्यांची इतकी माया आली की डोळे भरून आले. करायचं तरी काय होतं? गप्प राहायचं. संध्याकाळी गोगलगाय बाटलीत, पिवळी रेघ स्पिरिटमध्ये, आणि नाव पुस्तकात. कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि बोलावं, तर नाव जाणार ते जाणारच, वर रंग न दिसणाऱ्या चित्रकाराला ठेवतंय कोण?

त्यांनी बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे जुनीच जात,” बाई म्हणाल्या. “वाईट वाटलं ना काका?”

“वाटलं. फार वाटलं. खोटं कशाला बोलू?”

“मलाही वाटलं. आधी डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. आणि ती दोन चित्रं परत पाठवते, नीट करून द्या. तोवर तिथे रंग बघायला कुणी आहे का?”

काकांनी मागे वळून पाहिलं. काकू पदराने चष्मा पुसत होत्या. “आहे,” ते म्हणाले.

मग दोघं चित्रावर वाकून बसली. काका बारीक कुंचल्याने कडेवरून फिकट पिवळा फिरवत होते आणि काकू नजर न हलवता सांगत होत्या, “अजून थोडा... अजून... बस, बस! झालं.” काकांना काही दिसलं नाही. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. मग दिसलं.

संध्याकाळी घरी परतताना इस्त्रीवाल्याने हटकलंच. “काय काकू, छापून आलं का नाव?”

काका पुढे जाऊन फाटक उघडत होते. त्यांचा हात कडीवरच थांबला.

“नाही येणार आता,” काकू म्हणाल्या. “ती जुनीच निघाली. बाईंनासुद्धा कळलं नव्हतं. यांनीच ओळखली.”

काका मागे फिरले.

“खोटं बोलतेय,” ते इस्त्रीवाल्याला म्हणाले. “हिने ओळखली.”