गंगाखेडचा देवदूत

सिनेमाच्या नादी लागलेल्या चार माणसांत बसलं की किस्से मागावे लागत नाहीत, आपसूक साचत जातात. लोक हसायला म्हणून सांगायला लावतात, मीही सांगतो. पण मुळातली गोष्ट हसण्यासारखी नाही.

मी गंगाखेडला लग्नांचं शूटिंग करतो, माझा मित्र मारोती एडिटिंग करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याची लहानगी लेक तापानं गेली. त्या दिवसाबद्दल त्याच्या बायकोनं, रुक्मिणवहिनींनी, अवाक्षर काढलं नाही. मारोतीनं एक शॉर्टफिल्म करायची ठरवली. देवदूत येतो आणि लेकराला घेऊन जातो, एवढीच गोष्ट.

"वहिनीला दाखवायचीय तुझ्या," तो मला म्हणाला. "कुणीतरी नीट नेलं पोरीला, एवढं तिला दिसलं तरी बास."

*

देवदूत झाला सखाराम. साखर कारखान्यात कामाला, अंगानं उंचापुरा. पांढरा झब्बा-पायजमा घालून घाटाकडे निघाला, तर एक म्हातारबा हात जोडून आडवे आले.

"साहेब, आमच्या गल्लीत नळाला पाणी न्हाई."

सखाराम बिचारा "बघतो" म्हणाला. मारोतीनं तिथेच ठरवलं, नुसत्या पांढऱ्यावर भागत नाही, पंख पाहिजेत.

*

परदेशी सिनेमात पंख असतात, म्हणून जिंतूरच्या एका डेकोरेशनवाल्याकडून थर्माकोलवर कापूस चिकटवून पंख करून घेतले. येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, "ह्याचं लगेज पडंल."

"माझेच हायेत," सखाराम म्हणाला.

"मंग लावून बसा."

सखाराम परभणीपर्यंत पंख लावून बसला! शेजारच्या आजींनी वाकून त्याच्या पायांना हात लावला. कोण, कुठला, काही विचारलं नाही.

*

कपड्याच्या दुकानातले बसवंतअप्पा आमच्यातले वडीलधारे. लिंगायत, रोज पूजेशिवाय चहा घेत नाहीत. देवदूताच्या झग्यासाठी कापड मागायला गेलो, तर म्हणाले, "आमच्यात देवाच्या आन् माणसाच्या मधी कुणी लागत न्हाई. लिंग तळहातावर घेतलं की महादेव समोरच हाय."

"लेकरू लय लहान असलं तरी, अप्पा?" मारोतीनं विचारलं.

अप्पा उठले. चांगल्यातलं कापड काढून त्यांनी मारोतीच्या हातात दिलं. त्या दिवशी मला मारोतीकडे बघवलं नाही.

*

शूटिंग दुपारी, गोदेच्या घाटावर. लेकीच्या कामाला माझी पुतणी होती. वहिनी डबा घेऊन आल्या. मारोतीनं घाबरत घाबरत त्यांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर शॉट दाखवला. पंख लावलेला सखाराम पोरीचं बोट धरून नदीकडे चालला होता, मागून ऊन येत होतं. मला तरी शॉट फार सुंदर वाटला.

वहिनींनी तो पुन्हा लावायला सांगितला.

"चालवत कामून न्यायलाय हा तिला?"

"सिनेमात देवदूत असाच हात धरतो," मारोती म्हणाला.

"तापानं फणफणली होती ती. पाय टेकवत नव्हती."

 वहिनी उठल्या, सखारामकडे गेल्या. पंखांमुळे त्याचा हात नीट वळत नव्हता, म्हणून त्यांनीच दोऱ्या सोडून पंख पायरीवर ठेवले. मग माझ्या पुतणीला उचलून त्याच्या कडेवर दिलं, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"ऊन लय हाय, दादा," त्या सखारामला म्हणाल्या. "तिच्या डोक्यावर हात धरून ने."