आमेन म्हणालास ना?

साळवेसाहेबांनी कुणालाही विचारून काम दिल्याचं मला आठवत नाही. ते आमच्या बोरीवलीतल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक. रविवारची उपासना संपत आली की ते डोळे मिटून प्रार्थना सुरू करायचे आणि मध्येच, आवाजही न बदलता, म्हणायचे, "आणि हे प्रभू, पुढच्या रविवारी तुझा सेवक शांतवन उपदेश करणार आहे, त्याला बुद्धी दे." शांतवन म्हणजे मी. रेशनिंग ऑफिसातला कारकून, वय बावीस, चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की मागच्या बाकावर सरकणारा. पण तोवर सवयीनं सगळ्यांबरोबर माझंही 'आमेन' म्हणून झालेलं असायचं.

"साहेब, तुम्ही असताना मी कशाला?" मी बाहेर आल्यावर हातापाया पडायचो.

"आमेन म्हणालास ना? मग रद्द करायचं ते वर जाऊन कर. आणि मी काय जन्माला पुरणार आहे का रे?"

पहिला उपदेश मी चार मिनिटांत उरकला. त्यात बायबलातल्या योनाला माशानं गिळलं, पण घाईत त्याला बाहेर काढायचं राहून गेलं. साहेब शांतपणे उठले आणि म्हणाले, "योनाला पुढच्या रविवारी बाहेर काढण्यात येईल. शांतवनच काढेल."

वर्षभरानं अशाच एका प्रार्थनेत त्यांनी मला मंडळीचा 'वडील' करून टाकलं. कारभार पाहणाऱ्या पंचाला आमच्यात वडील म्हणतात, हे शेजारच्या सावंतकाकूंना कुठून ठाऊक असणार! त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"रे मेल्या, लगीन नाय, काय नाय, आणि वडील कसो झालंस? तुझ्या आयशीक ठावक आसा?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "ती खंयची कोण असांदे. बाळंतिणीक खावक घाल."

मी डबा घेऊन थेट साहेबांकडे गेलो. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एक लाडू तोंडात टाकून म्हणाले, "बरोबर पत्त्यावर आणलेस. वर्षभर तुझ्यापायी कळा कोण काढतोय?"

पुढच्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर साहेब इस्पितळात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, मी सोडली नव्हती. मी त्यांचा हात धरला, डोळे मिटले आणि त्यांचाच डाव त्यांच्यावर टाकला. "हे प्रभू, येत्या ईस्टरला तुझा सेवक साळवे स्वतः उपदेश करणार आहे, त्याला उठव." आणि आमेनची वाट पाहत थांबलो.

आमेन आलं नाही. डोळे उघडले तर साहेब माझ्याकडे बघून मिशीत हसत होते.

"लबाडा, मी नाही म्हणणार," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, ईस्टरला तुझा सेवक शांतवन..."

त्यांना धाप लागली, पुढचं राहून गेलं. मला रडू आवरेना, पण मी आमेन म्हणालो. तेवढं एक मी सवयीनं म्हटलं नव्हतं.