तळाजवळची फळी

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मुलीलाही नाही. आणि ज्याला कळायला हवं होतं, त्या भूपालला तर नाहीच. सात वर्षं झाली — अजून लोक मला तोंडावर 'सरळ माणूस' म्हणतात. संताप येतो. त्यांचा नव्हे — ते ऐकून मी मान डोलावतो, त्याचा.

मी पॅटर्नमेकर. लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो. बेळगावच्या फाउंड्र्यांत आयुष्यभर मी तेच कोरत आलो. भूपाल निपाणीचा, लेथवरचा कारागीर. घर तंबाखूच्या व्यापारातलं, पण ह्याला यंत्रांचं वेड. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं खपून त्यानं वाफेचं छोटं इंजिन केलं. हिडकल धरणाच्या पाण्यात वाफेची होडी चालवायची — बाकी काही नको होतं त्याला.

त्या इंजिनाचा एकूण एक नमुना माझ्या हातचा. पण लोक काय म्हणायचे? 'भूपालअण्णाचं इंजिन.' माणसं बघायला यायची, तो चाक फिरवून दाखवायचा आणि मी बाजूला बसून चहा प्यायचो. एकदा तरी त्यानं माझं नाव घ्यावं — नाही घेतलं. मुद्दाम नव्हे, सुचलंच नाही त्याला. आणि मी तरी कधी बोललो? हे सांगतोय म्हणजे कारण देतोय, असं समजू नका.

मग कळलं, कोकणात एका खाडीकाठी इंजिन काढलेली जुनी लाकडी होडी विकायची आहे. आम्ही दोघं आंबोली घाट उतरून गेलो. होडी माडांच्या सावलीत पालथी पडलेली. रंग उडालेला, एका अंगाला जरा पिळलेली. भूपाल तिच्याभोवती तीनदा फिरला. म्हणाला, "लाकडातलं मला काय कळतंय रं? तू व्हय म्हण, घेतो. न्हाय म्हण, सोडतो."

मी फळी न् फळी हातोडीनं वाजवली. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला. तळाजवळची एक फळी मऊ लागली — दोन वीत, तेवढीच. ती काढून नवी बसवायची, माझं तीन दिवसांचं काम. बाकी सागवान खणखणीत. आणि कणा, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, दगडासारखा.

मागे भूपाल होडीच्या मालकाला सांगत होता, "माझं इंजिन बसू दे हिच्यात, मग बघा." माझं इंजिन.

मी उठलो. हात झटकले. म्हणालो, "कणा कुजलाय भूपाल. आतनं पोकळ हाय. धरणात मधोमध फुटंल."

म्हातारा मालक चिडला. गेल्या वर्षापर्यंत ही समुद्रात जात होती, म्हणाला. भूपालनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "तू म्हणतोस म्हंजे झालं," एवढंच मला म्हणाला.

परतताना घाटभर तो खिडकीबाहेर बघत होता. मला लाज वाटली का? नाही. बरं वाटलं — हे लिहिताना हात थांबतो, पण बरंच वाटलं.

त्यानं पुन्हा होडी शोधली नाही. वर्षभरात त्याची उजवी बाजू लुळी पडली. इंजिन शेडमध्येच, गोणपाटाखाली. आणि घरी कुणी आलं, की हा माणूस अडखळत सांगतो, "ह्यानं वाचवलं मला. न्हायतर बुडालो असतो." काय करावं अशा विश्वासाचं? माझे कान तापतात. वाटतं, त्याला गदागदा हलवावं — अरे, एकदा तरी माझा संशय घे की.

गेल्या वर्षी लग्नाला कोकणात गेलो, तेव्हा मुद्दाम त्या खाडीवर गेलो. ती होडी पाण्यात होती. माणसं भरून चालली होती. माणसं उतरल्यावर ती काठावर ओढली, तेव्हा दिसलं — तळाकडची एक फळी तेवढी नवी, वेगळ्या रंगाची.

तिथून थेट निपाणीला गेलो, सांगायचंच ठरवून. भूपालच्या बायकोनं, आक्कानं, भाकरी वाढली. त्यानं डाव्या हातानं खर्ड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी पोटभर जेवलो, पाऊसपाण्याचं बोललो आणि बसनं घरी आलो.

अजूनही महिन्यातून एकदा जातो. त्याला नीट ऐकू येतं, सगळं समजतं. आक्का स्वयंपाकघरात असते. आम्ही दोघंच बसतो, तासन्‌तास.

मी सांगत नाही.