पायांची फिल्म

मी पदवीधर झालो तो कट्टा गावच्या ड्रॉइंग मास्तरांमुळे, आणि त्यांच्याइतके पाय साऱ्या मालवण तालुक्यात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील. बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने त्यांना चावीचा सिनेमा-कॅमेरा आणून दिला, आणि त्या दिवसापासून मास्तरांनी माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं सोडलं. आठवड्याचा बाजार, जत्रा, रापणीचं जाळं ओढणारी माणसं, सगळं काही गुडघ्याच्या खाली. कारण विचारलं की म्हणत, "माणूस कॅमेरो बघता नि तोंड बदलता. पायांका कॅमेरो दिसना नाय." एका लग्नाची फिल्म मुंबईहून धुऊन आली, तेव्हा नवरीची आई बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाली, "मास्तरांनू, माझा चेडू खंय आसा?" मास्तर शांतपणे म्हणाले, "ह्या काय, जोडवी घातलेला." फिल्मचा एक इंचही ते टाकत नसत. हललेलं, काळं पडलेलं, सगळं जोडून दाखवत. "घडला ता घडला. कात्री लावणारो मी कोण?"

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी कॉलेजात होतो. पहाटेची एस.टी. रोज उशिरा पोचायची आणि आम्हा खेड्यांतल्या मुलांची पहिल्या तासाला गैरहजेरी लागायची. तेवढ्यावरून परीक्षेला बसू देणार नाहीत असं कळलं, आणि आम्ही संप केला. मास्तर कॅमेरा घेऊन मोर्चात शिरले आणि वाकून वाकून कंबर धरून बसले. घोषणा शिगेला पोचल्या तेव्हा ऑफिसची काच फुटली. गैरहजेरीचा नियम दुसऱ्याच आठवड्यात गेला, पण काच फोडणाऱ्याला कॉलेजातून काढणार, असं प्राचार्यांनी जाहीर केलं आणि मास्तरांची फिल्म पुराव्यासाठी मागवली.

दाखवायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी ती मला त्यांच्या घरच्या भिंतीवर दाखवली. चपलाच चपला. मग त्यांतून धावत निघालेले दोन अनवाणी पाय, आणि त्यांच्यापुढे पडलेल्या काचा. साऱ्या कॉलेजात अनवाणी मी एकटा होतो. नाव कमी झालं असतं तर बाबांच्या होडीवर जाण्यावाचून मला दुसरी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी वीस मिनिटं चपला पाहिल्या. काचेच्या जागी पडदा एकदम पांढरा झाला. "फिल्म तुटली, साहेब," मास्तर शुद्ध मराठीत म्हणाले. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता एवढंच बोलले, "पायात कायतरी घाल रे, झिला."

मी बी.ए. झालो त्या दिवशी त्यांना पत्र टाकलं, ते असं:

"ती. मास्तर यांस सा. नमस्कार. आज निकाल लागला, पास झालो. आमच्या घरात पहिलाच. बाबांनी मला पेढे घेऊन तुमच्याकडे पाठवलं असतं, पण आधी तुम्हाला एक सांगायचं आहे. काच मी फोडली होती, हे प्राचार्यांना मी कालच लिहून कळवलं. त्यांना काय करायचं ते करोत. तुम्ही आयुष्यात एकदाच कात्री लावलीत, ती माझ्यासाठी. तो तुकडा तुम्ही टाकला नसणार, मला खात्री आहे. आता तो जागेवर जोडून टाका. येत्या रविवारी मी कट्ट्याला येतो. आपण पूर्ण फिल्म बघू."