अण्णांनी कागद काढून घेतला

मंडळी, आज तारनाक्याच्या स्टुडिओत माझी चांगलीच जिरली!

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सीडीसाठी आई म्हणायची ती अंगाई गायची होती. शाळा तेलुगूत झाल्यामुळे मराठी वाचताना मी अडखळते, म्हणून शब्द तेलुगू लिपीत लिहून नेले. एकही चूक न करता गायले.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट यादगिरी अण्णा म्हणाले, "सुर बराबर है अम्मा, लेकिन तुम गा नै रे, पढ रे. कागज इधर देओ."

मराठीचा एक शब्द न कळणारा माणूस!

कागद दिला, डोळे मिटले. मध्येच एक ओळ विसरले, तिथे आईसारखंच नुसतं गुणगुणले.

अण्णांनी तोच टेक ठेवला.

कव्हरवर गायिका म्हणून माझं नाव येईल. अण्णांच्या नावापुढे नुसतं 'ध्वनिमुद्रण' लिहायला मन धजत नाही. तुम्ही काय लिहाल?