दोन तास एका जागी

आमच्या शाळेच्या फाटकासमोर एक दुमजली इमारत आहे. तिच्या जिन्याखाली एक बाई बॅगांची आणि कपड्यांची चेन दुरुस्त करून देते. जागा एवढीशी की तिने हात पसरले तर दोन्हीकडे भिंतीच लागतील. एक लाकडी फळी, एक पक्कड, चेनच्या दातांवर घासायला मेणबत्तीचा तुकडा आणि रनरचे बारा डबे. रनर म्हणजे आपण उघडताना-मिटताना सरकवतो तो तुकडा. बहुतेक वेळा चेन बिघडलेलीच नसते, नुसता रनर ढिला झालेला असतो, पण लोक बॅगच फेकून देतात. सगळे तिला चेनताई म्हणतात.

मी या शाळेत चौतीस वर्षं कारकून आहे, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. येत्या वर्षी निवृत्त होईन. चेनताईबद्दल लिहायला बसलो याचं कारण एकच. मला राग आलेला आहे आणि तो उतरायचं नाव घेत नाही.

तिची मुलगी आमच्याकडे शेवटच्या वर्गात आहे. घरात तिला भिंगरी म्हणतात. तोंडी विचारलं तर गणित फटाफट सांगते, पण पेपरला बसली की तिसऱ्या प्रश्नानंतर सगळं कोरं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला चार वेळा बोलावून, आईकडून आणि शिक्षकांकडून पानंच्या पानं भरून घेऊन दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि चंचलपणा स्वतःच्या ताब्यात न राहणं. असा दाखला असला की शेवटच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो आणि कमी मुलांच्या खोलीत बसता येतं. फक्त अर्ज शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे मुदतीत जावा लागतो. भिंगरी नापास झाली तर पुढच्या वर्षी जिन्याखाली आईच्या शेजारी बसणार, हे तिच्या आजीने घरात जाहीर करून टाकलेलं होतं.

म्हणून चेनताई माझ्या खिडकीशी यायची. तीन महिन्यांत अकरा वेळा आली. मी नियमाने तिचा अर्ज परत करायचो. एकदा फोटो लहान होता. एकदा दाखल्याची प्रत साक्षांकित नव्हती. वर फुकटचा उपदेशही केला.

"ताई, तिला एक वेळापत्रक करून द्या. आमच्या मुलाला मी करून दिलं होतं. आपोआप शिस्त लागते."

"भिंतीवर चार लावलीत, भाऊसाहेब," ती म्हणाली. "पाचव्याला जागा नाही."

एका दुपारी माझी ऑफिसची बॅग घेऊन मी तिच्याकडे गेलो. आधीच एक गिऱ्हाईक उभं होतं, चांगल्या घरची वाटणारी एक बाई, हातात लाल सूटकेस.

"मोबाइल काढून घ्या हातातला, आठ दिवसांत सरळ होईल," ती सांगत होती.

"तिच्याकडे मोबाइल नाही."

"मग गोड बंद करा. गोडाने चेकाळतात मुलं."

"ते करून झालं. दोन महिने. ती तशीच राहिली, आम्ही सगळे मात्र चिडचिडे झालो."

"पण मुलींना कुठे असतं हो असलं काही? ते मुलग्यांचं. आणि आता म्हणे गोळ्या देता? पोरीला गुंगीत ठेवायचं का जन्मभर?"

"गुंगीत नाही ठेवत. गोळी घेतली की सकाळी दोन्ही मोजे घालून शाळेत जाते. नाहीतर एकच."

"मला विचाराल तर दोन रट्टे द्या. आमच्या आईने दिले, आम्ही काय बिघडलो?"

चेनताईने रनर पकडीत दाबला, दोनदा सरकवून बघितला आणि सूटकेस तिच्या हातात दिली. "सल्ला फुकट होता, ताई. चेनचे तेवढे द्या."

ती बाई गेल्यावर चेनताईने माझ्यापुढे पाढाच वाचला. शेजारीण म्हणते आईने डोक्यावर चढवून ठेवली. नणंद म्हणते आई दिवसभर दुकानात, मग काय होणार. म्हणजे घरी असली तर लाड, नसली तर दुर्लक्ष. "आणि सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यात असलं कोणाला नव्हतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, शाळेत असताना बापाची सायकल बाजारात विसरून चालत घरी आला होता. तीन वेळा! पण तो विसराळू, आणि ही नाठाळ."

मी हसलो. ती हसली नाही.

मुदतीला बारा दिवस राहिले तेव्हा अर्ज एकदाचा पूर्ण झाला आणि मी तो मोठ्या बाईंपुढे ठेवला. मुख्याध्यापिका म्हणून त्यांची पंधरा वर्षं झाली. शाळा स्वच्छ, निकाल चांगला. दोन दिवसांनी त्यांनी आईला आणि मुलीला बोलावून घेतलं. फाइल घेऊन मी बाजूला उभा होतो.

"ढ मुलांना सवलत असते, हे मला मान्य आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, माझी मुलगी ढ नाही," चेनताई म्हणाली.

केबिनच्या कोपऱ्यात खेळाच्या साहित्याच्या पाच मोठ्या बॅगा पडल्या होत्या. सगळ्यांच्या चेन गेलेल्या, म्हणून भंगारात काढायच्या होत्या. चेनताईची नजर तिकडे गेली आणि तिथेच तिचं चुकलं. बिचारीला वाटलं, पोरगी किती हुशार आहे हे एकदा दाखवलं की सही होईल.

"या बॅगा ती आत्ता नीट करून देईल. तुमच्यासमोर."

भिंगरी जमिनीवर बसली. आईच्या पिशवीतून पक्कड काढली, डबा उघडला आणि कामाला लागली. दोनदा घंटा झाली. शिपाई चहा ठेवून गेला. बाहेर कोणाचं तरी भांडण झालं. पोरीने मान वर केली नाही. पाचवी बॅग मिटली तेव्हा दोन तास होऊन गेले होते. चेनताईचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या, हे मला दिसत होतं.

भिंगरी ताडकन उठली आणि पोट धरून बाथरूमकडे पळत सुटली.

"दोन तास," मोठ्या बाई म्हणाल्या. "जागची हलली नाही. जिथे आवड आहे तिथे छान बसते की! म्हणजे प्रश्न इच्छेचा आहे. पेपरलाही अशीच बसायला सांगा."

"बाई, तिचं लक्ष लागतच नाही असं डॉक्टरांनी म्हटलंच नाहीये. लक्ष आहे, पण ते कुठे लावायचं आणि कधी काढायचं, हे तिच्या हातात नाही. तासभर तिला बाथरूमला लागली होती, तेही तिला कळलं नाही. बघितलंत ना कशी पळाली?"

"म्हणजे बसली तरी आजार, नाही बसली तरी आजार." मोठ्या बाई हसल्या. "मोठा सोयीचा आजार आहे हो."

"सोयीचा?" चेनताईचा आवाज चढला. "एक आठवडा घरी घेऊन जा तिला. मग सोय कोणाची होते ते सांगा मला!"

मोठ्या बाईंनी पेन उघडलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थिनी दोन तास एका जागी बसू शकते. सवलतीची आवश्यकता नाही.' खाली सही. 'परत' असा शिक्का मारला तो मी, या हाताने. पाच बॅगा क्रीडा विभागात गेल्या. पोरीला कोणी शाबास म्हटलं नाही.

चार दिवसांनी चेनताई पुन्हा खिडकीशी आली. डॉक्टरांकडे जाऊन आली होती.

"सवलतीचं परिपत्रक दाखवा. पूर्ण."

कपाटातून फाइल काढली. तीन पानं होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की विद्यार्थी शाळेत शिकत आहे एवढीच खात्री करून मुख्याध्यापकांनी अर्ज पुढे पाठवावा, वैद्यकीय बाबींवर शाळेने मत देऊ नये. मी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. पहिल्या पानावरची मुदत आणि प्रतींची संख्या मला तोंडपाठ होती.

नवा अर्ज आणि परिपत्रक घेऊन मी आत गेलो. चौतीस वर्षांत मोठ्या आवाजात कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "बाई, हे ठरवायचा आपल्याला अधिकारच नाही. आपण डॉक्टर नाही."

त्यांनी दुसरं पान वाचलं. "उद्या सगळेच दाखले आणतील," एवढं म्हणून सही केली. त्यांचं मत तसूभर बदललं नाही, पण कागद सुटला. टपालावर न सोडता मी स्वतः मंडळाच्या कार्यालयात तो दिला आणि पोच घेतली. मुदतीला सहा दिवस होते.

परत आल्यावर जुनी आवक-जावक रजिस्टरं काढली. असे आणखी चार अर्ज आम्ही शेरा मारून परत केले होते. एकाचा शेरा होता, 'क्रिकेट मन लावून खेळतो.' ती चार मुलं आज कुठे आहेत, मला माहीत नाही.

संध्याकाळी पोच घेऊन जिन्याखाली गेलो. चेनताईने ती नीट घडी घालून रनरच्या डब्यात ठेवली. आभार मानले नाहीत.

"भाऊसाहेब, ते परिपत्रक शाळेत कधी आलं?"

"सात वर्षं झाली."

"आणि तुम्ही वाचलं नव्हतं?"

"पहिलं पान वाचलं होतं."

तिने पक्कड खाली ठेवली. "माझ्या पोरीच्या प्रत्येक पेपरवर लाल शाईने लिहून येतं, प्रश्न पूर्ण वाचत जा. तिच्याकडे निदान डॉक्टरांचा दाखला आहे. तुमच्याकडे काय आहे?"